लॅपटॉप प्रोसेसरने मरत नाही, बिजागरीने मरतो

परवा भाची तिचा लॅपटॉप घेऊन आली. घेऊन दोन वर्षं झालीत, कॉलेजचं अजून दीड वर्ष बाकी. "मामा, हा उघडताना कट्ट करून वाजतो, बघ ना." उघडला तर खरंच, डाव्या कोपऱ्यात झाकणाची प्लास्टिकची फ्रेम फाकली आणि कीबोर्डच्या बाजूची पट्टी वर उचलली गेली, आतला बोर्ड दिसेल इतकी. मागचे स्क्रू काढून तळ उघडला. बिजागरीची पोलादी पट्टी जिथल्या तिथे, तिचे तिन्ही स्क्रू घट्ट, आणि त्या तीन स्क्रूंना तीन बारीक पितळी नट लटकत होते, प्रत्येकाभोवती प्लास्टिकचा चुरा. म्हणजे स्क्रू सुटलाच नव्हता, नट ज्या प्लास्टिकमधे बसवलेला असतो त्या प्लास्टिकनेच नटाला सोडून दिलं होतं. बाकी सगळं ठणठणीत. प्रोसेसर म्हणजे मुख्य चिप, रॅम म्हणजे चालू कामाची मेमरी, एसएसडी म्हणजे फाइली साठवायची जागा, सगळं. आणि घेताना आम्ही काय काय बघितलं होतं? प्रोसेसर, रॅम, एसएसडी. बिजागरीकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही, आणि सल्ला माझाच होता, त्यामुळे दुसऱ्या कोणावर ढकलायची पण सोय नाही.

तर कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचा म्हणून जे कोणी सध्या पंधरा टॅब उघडून बसलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. कॉलेजचा लॅपटॉप आणि घरातल्या टेबलावर बसून राहणारा लॅपटॉप हे दोन वेगळे प्राणी आहेत. कॉलेजचा लॅपटॉप रोज बॅगेत कोंबला जातो, पाण्याच्या बाटलीशेजारी, वर दोन जाडजूड पुस्तकं, मग लेक्चरला उघड, मिट, लायब्ररीत उघड, मिट, रात्री गादीवर पोटावर ठेवून उघड. दिवसाला दहा वेळा धरा, वर्षाचे अडीचशे दिवस, चार वर्षं, झाले १० हजार वेळा. प्रोसेसरला याने काही होत नाही, त्याच्यात हलणारं काही नसतंच. जे हलतं, वाकतं, तापतं आणि ज्यात रोज काहीतरी खुपसलं जातं ते आधी जातं. म्हणजे बिजागरी, चार्जिंगचं भोक, बॅटरी, कीबोर्ड, पंखा. बजेट कमी असेल तर याच गोष्टी आधी बघायला पाहिजेत, आणि नेमक्या ह्याच गोष्टी बॉक्सवर लिहिलेल्या नसतात.

बिजागरीचं आधी सांगतो कारण स्वस्त लॅपटॉपची सगळ्यात मोठी रड तीच आहे. स्क्रीन ज्या कोनात ठेवाल तिथे थांबावी म्हणून बिजागरी मुद्दाम घट्ट बनवलेली असते. झाकण उघडताना तुम्ही जो जोर लावता तो त्या घट्टपणाशी भांडतो आणि शेवटी जाऊन पडतो बिजागरी जिथे स्क्रूने बसवलीय तिथे. महागड्या किंवा बिझनेस मॉडेलमधे ती सहसा धातूच्या सांगाड्यात बसवलेली असते. स्वस्तात काय करतात, प्लास्टिकच्या बॉडीला आतून छोटे छोटे खुंट असतात, त्यात गरम करून पितळी नट दाबतात आणि त्यात स्क्रू पिळतात. नवीन असताना हे पण व्यवस्थित धरतं. मग हळूहळू बिजागरीतलं ग्रीस सुकतं, ती अजून घट्ट होते, प्लास्टिकला बारीक तडे जातात, त्यात आपल्याला सवय एका हाताने, कोपऱ्याला धरून झाकण उघडायची, म्हणजे दोन बिजागऱ्यांचं काम एकीवर. एक दिवस कट्ट.

हे घेण्याआधी कळू शकतं का? बऱ्यापैकी कळतं. ज्या मॉडेलचा विचार चाललाय त्याचं पूर्ण नाव आणि पुढे डिसअसेंब्ली असं टाकून व्हिडिओ शोधा, जवळजवळ प्रत्येक मॉडेलचा कोणीतरी तळ उघडून दाखवलेला असतो. त्यात बिजागरीजवळ थांबवायचं आणि स्क्रू कशात गेलेत ते बघायचं, धातूची चौकट दिसतेय का काळं प्लास्टिक. दोन मिनिटांचं काम आहे आणि मला विचाराल तर कुठल्याही रिव्ह्यूतल्या दहापैकी साडेआठ मार्कांपेक्षा त्याची किंमत जास्त. आणि दुकानात प्रत्यक्ष हाताळायला मिळत असेल तर अजून चांगलं. झाकण मधोमध एका बोटाने उचलून बघा, खालचा भाग सोबत उचलला जातो का. कीबोर्डच्या बरोबर मधे अंगठ्याने दाबा, ट्रॅम्पोलिनसारखा खाली जातो का. लॅपटॉप बंद असताना पुढच्या एका कोपऱ्याला धरून आडवा उचला आणि कान देऊन ऐका, करकर झाली तर समजून जा. विकणारा वैतागेल थोडा, वैतागू दे.

इथे 'मिलिटरी ग्रेड' स्टिकरचा विषय काढावाच लागेल कारण टिकाऊ म्हटलं की तोच पुढे केला जातो. एमआयएल-एसटीडी-८१०एच हे अमेरिकी संरक्षण खात्याचं चाचण्यांचं पुस्तक आहे, एच ही आवृत्ती २०१९ची. त्यात उंचीवरून पाडणं, कंप, धूळ, दमटपणा, थंडी, ऊन अशा ढीगभर चाचण्या कशा घ्यायच्या ते दिलंय. पण त्यातल्या कुठल्या घ्यायच्या हे कंपनी ठरवते, घेते पण कंपनी किंवा तिने नेमलेली लॅब, आणि सैन्याकडून कोणी येऊन पास झालात असा शिक्का मारत नाही. म्हणजे चारच चाचण्या केल्या तरी स्टिकर लागू शकतो. स्टिकर खोटा असतो असं नाही, पण त्याने दोन लॅपटॉपची तुलना होत नाही. कुठल्या चाचण्या केल्या त्याची यादी कंपनीने दिली असेल तर वाचा, नुसता ढालीचं चित्र असलेला स्टिकर असेल तर पुढे चला.

आता प्रोसेसर. यावर लोक तासन्‌तास भांडतात म्हणून मी थोडक्यात आवरतो. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावातला आय३, आय५, आय७ हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही, त्याच्या पुढचं लांबलचक नाव वाचायचं. २०१६ चा आय७-७५००यू होता त्यात दोन कोर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे दोन हात, आणि २०२२ चा आय३-१२१५यू आहे त्यात सहा कोर, दोन मोठे चार छोटे. आता कोणी "आय७ आहे, आय७" म्हणून जुना लॅपटॉप गळ्यात मारायला आला तर हे लक्षात ठेवा. एएमडीची गंमत वेगळी. रायझन ७००० मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा बघायचा, तो आतली रचना किती जुनी ते सांगतो. ७५२०यू मधे २ आहे म्हणजे झेन २, जी रचना २०१९ची, ७५३०यू मधे ३ म्हणजे झेन ३, ७६४० मधे ४ म्हणजे झेन ४. ७५२०यू आणि ७५३०यू यांच्या नावात दहाचा फरक दिसतो पण पहिल्यात चार कोर आहेत आणि दुसऱ्यात सहा. शेवटच्या अक्षराचं म्हणाल तर यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे जोरकस आणि तापणारा. कॉलेजला सहसा यू पुरतो. आणि इंटेलची एन१०० वगैरे एन मालिका असते ती टायपिंग, ब्राउझर, पीडीएफ एवढ्यालाच, वाईट नाहीये पण त्यावर मोठं सॉफ्टवेअर चालवायची स्वप्नं बघू नका.

रॅमकडे मात्र नीट लक्ष द्या. ८ जीबीवर आज काम चालतं, पण चालतं म्हणजे ब्राउझरचे वीस टॅब, एक व्हिडिओ कॉल आणि वर्ड उघडं असेल तर धापा टाकत चालतं. विंडोज स्वतःच त्यातला चांगला मोठा घास घेते, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर स्क्रीनसाठी लागणारी मेमरी पण ह्याच ८ मधून उसनी जाते. रॅम संपली की कॉम्प्युटर एसएसडीवर सामान काढून ठेवायला लागतो, टेबल भरलं की वह्या जमिनीवर मांडतो ना आपण तसं, आणि मग प्रत्येक वेळी वाकून उचलायचं. म्हणून १६ घ्या. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे रॅम नंतर वाढवता येते का. काही लॅपटॉपमधे स्लॉट असतो, पट्टी काढली, दुसरी बसवली, दहा मिनिटांत झालं. काहींमधे रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, म्हणजे जी आहे ती मरेपर्यंत. स्पेसिफिकेशनमधे एलपीडीडीआर असं दिसलं तर जवळजवळ नक्की सोल्डर केलेली समजा, नुसतं डीडीआर४ किंवा डीडीआर५ असेल तर स्लॉट असायची शक्यता चांगली, पण कधी अर्धी बोर्डवर आणि अर्धी स्लॉटमधे असाही प्रकार असतो, तेव्हा कंपनीच्या साइटवरचं मॉडेलचं पान उघडून रिकामा स्लॉट आहे का ते शोधायचंच.

यातून माझा एक नियम झालाय. ८ जीबी आणि स्लॉट आहे, चालेल, आत्ता घ्या आणि पुढच्या वर्षी अजून ८ टाका, उलट दोन पट्ट्या झाल्या की दोन रस्त्यांनी वाहतूक सुरू होते आणि आतलं ग्राफिक्स पण जरा पळायला लागतं. १६ सोल्डर केलेली, तेही चालेल. ८ आणि सोल्डर केलेली, नको. कितीही सवलत असू दे, नको. आणि तो 'कोपायलट प्लस' वाला एआय स्टिकर असतो ना, त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्टने किमान १६ जीबी रॅमची अट घातलीय, मला तर त्या स्टिकरचा तेवढाच उपयोग दिसतो.

एसएसडीचं सोपं आहे. ५१२ जीबी असेल तर छान, २५६ मधे भागवता येतं. फक्त ईएमएमसी असं लिहिलेलं असेल तर ती एसएसडी नाहीये, ते मोबाईल-टॅबलेटवालं हळू स्टोरेज आहे आणि बहुतेकदा बोर्डवर चिकटवलेलं, सोडून द्या. एसएसडी झिजते म्हणून घाबरणारे पण भेटतात. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीला साधारण ३०० टेराबाइट लिहिण्याची हमी असते. रोज ४० जीबी लिहिलं, जे विद्यार्थ्याकडून होणं अवघडच आहे, तरी वीस वर्षं लागतील. एसएसडी अचानक जाऊ शकते ती झिजून नाही, इतर कारणांनी, म्हणून बॅकअप ठेवायचाच, पण तो वेगळा विषय.

स्क्रीनकडे लोक सगळ्यात शेवटी बघतात आणि चार वर्षं डोळे मात्र तिच्यातच घालून बसायचं असतं. १३६६ गुणिले ७६८ अजूनही मिळते, घेऊ नका. १९२० गुणिले १०८० किंवा थोडी उंच १९२० गुणिले १२०० घ्या, उंचीला पीडीएफच्या चार ओळी जास्त दिसतात. स्क्रीनचं पॅनल आयपीएस प्रकारचं हवं, टीएन नको, टीएन ओळखायची सोपी युक्ती म्हणजे स्क्रीन मागे झुकवा, रंग उलटेपालटे दिसायला लागले की झालं. ब्राइटनेस निट्समधे देतात, २५० म्हणजे खोलीत ठीक, खिडकीशेजारी बसलात तर स्वतःचं तोंड दिसेल, ३०० च्या पुढे असावी. आणि कुठेतरी बारीक अक्षरात ४५ टक्के एनटीएससी लिहिलेलं असतं, स्क्रीन किती रंग दाखवू शकते त्याचं ते माप, ४५ म्हणजे रंग फिके, लाल बघावं तर विटकरी. लिहिण्या-वाचण्याला फरक पडत नाही. डिझाइन, आर्किटेक्चर, फोटो, व्हिडिओ यातलं काही शिकणार असाल तर मात्र ते ४५ टक्के बघून मागे फिरा आणि १०० टक्के एसआरजीबी (हेही रंगांचंच माप) शोधा. आकाराचं म्हणाल तर रोज उचलून न्यायचा आहे, १४ इंची घ्या. १५.६ इंची मोठा दिसतो दुकानात, जिने चढताना पण मोठाच लागतो.

बॅटरीबद्दल 'दहा तास चालते' वगैरे वाचलं की माझं डोकं फिरतं, कारण ते तास ब्राइटनेस कमी करून एखादा व्हिडिओ लूपवर लावून मोजलेले असतात. बघायचा आकडा वॉट-अवर. बॅटरी म्हणजे टाकी, वॉट-अवर म्हणजे टाकीत पाणी किती, आणि लॅपटॉप किती वॉट खातो म्हणजे नळ किती सोडलाय. साधं वाचन-टायपिंग करताना यू प्रोसेसरवाला लॅपटॉप ७ वॉटच्या आसपास खात असेल तर ४२ वॉट-अवरची टाकी सहा तास पुरते, ५६ ची आठ तास. तोच व्हिडिओ कॉलवर १४ वॉट खायला लागला की बरोबर निम्मे. एवढा भागाकार केला की जाहिरातीची गरज नाही. कमी बजेटच्या मॉडेलमधे तीन सेलची चाळीसेक वॉट-अवरची टाकी असते, कधीकधी त्याहून बारकी पण असते, ती टाळा.

ही टाकी दरवर्षी आकसत जाते. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण रिकामी ते पूर्ण भरलेली अशा ३०० ते ५०० फेऱ्या झाल्या की मूळच्या साधारण ८० टक्क्यांवर येते. पन्नास-पन्नास टक्के दोनदा वापरली तर एक फेरी. पण फेऱ्यांपेक्षाही तिला दोन गोष्टी जास्त लागतात, उष्णता आणि सतत १०० टक्क्यांवर राहणं, आणि दोन्ही एकत्र म्हणजे चार्जर लावून गादीवर ठेवलेला लॅपटॉप, ज्याची खालची हवेची भोकं चादरीने बुजवलीत. बहुतेक कंपन्यांच्या ॲपमधे किंवा बायोसमधे, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या सेटिंगमधे, ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती पहिल्याच दिवशी चालू करा आणि दिवसभर बाहेर जायचं असेल तेव्हाच १०० करा. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलावी लागेल हे धरूनच चाला, त्यामुळे ती स्क्रूने बसवलेली आहे का गोंदाने चिकटवलीय हे पण त्याच तळ उघडलेल्या व्हिडिओत बघून घ्या. आणि कधी टचपॅड क्लिक होईनासा झाला किंवा एका बाजूने वर आल्यासारखा वाटला तर टचपॅडला दोष देऊ नका, खाली बॅटरी फुगलेली असू शकते, तेव्हा चार्जर काढायचा, लॅपटॉप बंद करायचा आणि सरळ रिपेअरवाल्याकडे. टोचून हवा काढता येईल असं समजू नका, पेट घेते ती.

चार्जिंगच्या भोकाचं. गोल पिनवाला चार्जर जुनाट वाटतो पण बऱ्याच लॅपटॉपमधे ते गोल सॉकेट छोट्या वायरीने बोर्डला जोडलेलं असतं, तुटलं तर तेवढाच तुकडा बदलून मिळतो. यूएसबी-सी पोर्ट सोयीचा, ६५ वॉटचा एकच चार्जर फोनला पण चालतो, हरवला तर मित्राचा लावता येतो, पण तो थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेला असेल आणि चार्जर लावलेला असताना कोणी वायरीत पाय अडकवून गेलं तर दुखणं बोर्डपर्यंत जातं. मला दोन्हीपैकी कशानेही चार्ज होणारा आवडतो, ते नसेल तर निदान दोन यूएसबी-सी असलेला. फक्त यूएसबी-सी दिसला म्हणजे त्यातून चार्जिंग होतंच असं नाही, काही स्वस्त मॉडेलमधे तो नुसता डेटाचा असतो.

आता मुद्द्याचं, म्हणजे बजेट फारच ताणलेलं असेल तर मी काय करेन. मी नवीन स्वस्त लॅपटॉपऐवजी जुना बिझनेस लॅपटॉप घेईन. थिंकपॅडची टी मालिका, डेलची लॅटिट्यूड, एचपीची एलिटबुक, ही सगळी मंडळी कंपन्यांच्या ऑफिसांसाठी बनवलेली असतात, ऑफिसं ती शेकड्याने घेतात, तीन-चार वर्षं वापरतात आणि एकदम विकून टाकतात, ती साफसूफ होऊन रिफर्बिश्ड म्हणून बाजारात येतात. शेकडो लॅपटॉप सांभाळायचे म्हटल्यावर ते उघडायला सोपे, सुटे भाग मिळणारे आणि लवकर न तुटणारे लागतातच. थिंकपॅडचं तर कुठला स्क्रू कुठल्या क्रमाने काढायचा याचं पूर्ण मॅन्युअल लेनोव्होच्या साइटवर फुकट मिळतं. चार वर्षांच्या म्हाताऱ्या लॅटिट्यूडची बिजागरी बऱ्याचदा नव्याकोऱ्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा तगडी असते.

पण जुनं घेताना डोळे उघडे ठेवायचे. पहिलं, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालतं का ते बघा, इंटेलचं साधारण आठव्या पिढीपासून पुढे चालतं. दुसरं, बायोसला पासवर्ड नाहीये ना, चालू करताना एफ२ किंवा एफ१ वगैरे दाबून आत जा, पासवर्ड मागितला तर तिथेच नमस्कार करा, बऱ्याच बिझनेस मॉडेलमधे तो काढायला मदरबोर्ड बदलण्यापर्यंत मजल जाते. तिसरं, लॅपटॉप समोर रीसेट करून वायफायला जोडायला लावा, सुरुवातीलाच कुठल्यातरी कंपनीचं नाव आणि लॉगिन आलं तर तो अजून त्या कंपनीच्या ताब्यातच आहे. चौथं बॅटरी, कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, इंग्रजीतून पॉवरसीएफजी, एक स्पेस, स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट असं टाइप करायचं, एक फाइल तयार होते, त्यात डिझाइन कपॅसिटी म्हणजे मूळची टाकी आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आत्ताची. ५० हजार मिलीवॉट-अवरची ३० हजार झाली असेल तर बॅटरीचा खर्च धरून घासाघीस करा.

कोर्सप्रमाणे काय फरक पडतो हे पण विचारतात सारखे. कला, वाणिज्य, कायदा, शुद्ध गणित, यांना वर सांगितलेलं सगळं पुरून उरतं. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना पण, फक्त रॅम १६ हवीच. सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट ही डिझाइनची सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात, त्यामुळे मेकॅनिकल, सिव्हिल, आर्किटेक्चरवाल्यांनी मॅकबुक किंवा क्रोमबुक घेण्याआधी दहादा विचार करावा. मशीन लर्निंग करायचंय म्हणून एक मुलगा अडीच किलोचा गेमिंग लॅपटॉप घेऊन फिरतोय, चार्जर वेगळा विटेएवढा, आणि मॉडेल ट्रेन करतोय गूगल कोलॅबवर, म्हणजे ब्राउझरमधून गूगलच्याच कॉम्प्युटरवर. वेगळं ग्राफिक्स कार्ड खरंच लागतच असेल तर नुसतं नाव बघून फसू नका, लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०५० हे ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कसंही बसवलेलं असतं आणि नाव एकच. सगळ्यात बेस्ट म्हणजे वरच्या वर्गातल्या दोघांना विचारा की बाबांनो गेल्या वर्षी कॉलेजच्या लॅबमधे काय झालं आणि स्वतःच्या लॅपटॉपवर काय करावं लागलं. बरंच काम लॅबमधेच उरकतं.

दुरुस्तीबद्दल एक कामाची गोष्ट. फ्रान्समधे १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकताना तो दुरुस्त करायला किती सोपा याचे १० पैकी गुण दाखवावे लागतात, त्यात उघडायला किती कष्ट, सुटे भाग मिळतात का, त्यांची किंमत, सगळं मोजलेलं असतं. तुम्ही कुठेही राहत असा, तेच मॉडेल तिकडे विकलं जात असेल तर ते गुण नेटवर सापडतात. कीबोर्डचं पण बघा, बऱ्याच स्वस्त लॅपटॉपमधे कीबोर्ड वरच्या बॉडीला प्लास्टिक वितळवून बसवतात, एक बटण गेलं तर अख्खी वरची बॉडी बदलायची वेळ येते. आणि वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे का सेंटरला नेऊन द्यायची आहे ते विचारा, परीक्षेच्या आधी दोन आठवडे लॅपटॉप सेंटरला पडून राहणं काय असतं ते मी भाचीच्या तोंडून ऐकलंय. तिच्या बिजागरीला तर 'फिजिकल डॅमेज' म्हणून हात वर केले होते.

तिच्या लॅपटॉपचं मग आम्ही काय केलं, तर चुरा साफ केला, बिजागरीच्या स्क्रूला टोकाला एक थेंब तेल लावलं म्हणजे गोंद त्याला चिकटणार नाही, पितळी नट जागेवर ठेवून दोन भागांचा इपॉक्सी भरला, चोवीस तास हात लावला नाही, आणि मग बिजागरीचा घट्टपणा ठरवणारा तिचा स्वतःचा नट पाव फेरा सैल केला. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण बिजागरी तेवढीच घट्ट राहिली असती तर इपॉक्सी पण उपटून आला असता. आता झाकण जरा लवकर मागे पडतं, बसमधे स्क्रीन हलते, पण कट्ट वाजत नाही. दीड वर्ष काढायचंय त्याने फक्त.